भूक मेली म्हणून, बाबा…

ती. आई-बाबांस शि. सा. न.

फोनवर बाबांच्या नुसत्या पाण्यावरच्या उपासाचा विषय निघाला की बाबा "बघू" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून लिहितेय. आई, तू हे त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. चष्मा सापडत नाही ही सबब नको.

बाबा, पितृपक्षात तुम्ही चार दिवस नुसत्या पाण्यावर काढलेत, तीन किलो उतरले आणि तिसऱ्या दिवसापासून भूकच लागली नाही, हे एव्हाना अर्ध्या साताऱ्याला ठाऊक झालंय. आता घटस्थापनेपासून नऊ दिवस तसंच करायचं म्हणताय. आयुष्यभर बँकेत लोकांचे हिशोब तपासलेत, आता त्या तीन किलोंचा तपासा.

पोटात काही गेलं नाही की शरीर आधी यकृतात साठवलेली साखर काढतं. ती शंभर ग्रॅमच्या आसपास असते, दिवसभरात संपत येते. स्नायूंतही अशी साखर असते. या साठ्यातल्या प्रत्येक ग्रॅमसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. साखर वापरली गेली की ते पाणी सुटतं, लघवीवाटे जातं, जाताना मीठही नेतं. पहिल्या दिवसांत काटा भराभर खाली येतो तो मुख्यतः त्यामुळे. चरबीला अशी घाई नसते. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी, आणि तुमचा दिवसाचा खर्च सोळा-सतराशे. सगळी ऊर्जा चरबीतूनच आली असं धरलं तरी चार दिवसांत पुरता एक किलोही जात नाही. बाकीचे दोन किलो वरण-भात सुरू झाल्यावर आठवड्यात परत आले. हे आईनं सांगितलं, तुम्ही नाही.

शिवाय सगळी ऊर्जा चरबीतून येतच नाही. मेंदूला साखर हवी असते, आणि ती तयार करायला सुरुवातीच्या दिवसांत रोज ७५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मोडली जातात, बहुतेक स्नायूंतली. तिशीत ते भरून निघतं. अडुसष्टाव्या वर्षी मांडीतलं गेलेलं बळ सहजी परत येत नाही, आणि वजन उतरवायचंय ते गुडघ्यांसाठीच ना?

आता भुकेचं. ती गेली हे अगदी खरं. घ्रेलिन नावाचं भुकेचं संप्रेरक आपल्या नेहमीच्या जेवणवेळेला चढतं आणि काही खाल्लं नाही तरी थोड्या वेळानं उतरतं, म्हणून भूक लाटांसारखी येते. दोन-तीन दिवसांनी चरबीपासून बनलेली कीटोन रक्तात वाढतात, मेंदू त्यांवर काम चालवू लागतो आणि भूक मंदावते. पण भूक मंदावली म्हणजे शरीराची गरज संपली असं नाही. स्नायू तेव्हाही मोडत असतात, फक्त ओरड ऐकू येत नाही. आणि ही शांतता खाणं सुरू होईपर्यंतचीच. २०११ साली मेलबर्नच्या डॉक्टरांनी, अगदी कमी कॅलरींच्या आहारावर दहा आठवडे ठेवून वजन उतरवलेल्या लोकांना वर्षभरानं पुन्हा तपासलं. भुकेची संप्रेरकं तेव्हाही पूर्ववत झालेली नव्हती, भूक आधीपेक्षा जास्तच होती. 'एकादशी, दुप्पट खाशी' म्हणणाऱ्यांना हे बहुधा आधीच माहीत असावं.

तुम्ही पाहिलेल्या उपासाच्या व्हिडिओतला स्कॉटलंडचा माणूस खोटा नाही. अँगस बार्बिएरी, १९६५-६६ मध्ये ३८२ दिवस जेवला नाही, २०७ किलोंचा ८२ वर आला. पण तो २७ वर्षांचा होता, डंडीच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली होता, जीवनसत्त्वं आणि पुढे पोटॅशियम घेत होता. त्याच काळात अशा उपचारांत काही रुग्ण दगावले आणि डॉक्टरांनी ती वाट सोडली. हे व्हिडिओवाला सांगत नाही.

खरी भीती मला तुमच्या मधुमेहाच्या गोळीची आहे. पाकिटावर ग्लिमेपिराइड लिहिलंय. तुम्ही जेवा न जेवा, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. उपाशीपोटी घेतलीत तर रक्तातली साखर ७० च्या खाली जाऊ शकते: दरदरून घाम, थरथर, मग भ्रम. आणि आपल्या मनानं बंद केलीत तर तेही बरोबर नाही. आई, असं काही दिसलं आणि ते शुद्धीवर असतील तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाज, पंधरा मिनिटांनी साखर तपास. गुंगीत असतील तर तोंडात काही घालू नकोस, सरळ १०८ ला फोन लाव.

दसऱ्याचं पारणंही नऊ दिवसांच्या पाण्यानंतर श्रीखंड-पुरीनं करणार होतात म्हणे. पाच दिवसांहून जास्त उपाशी राहिलेल्याच्या पोटात एकदम गोड-पिष्टमय गेलं की इन्सुलिन उसळतं आणि रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम पेशींत ओढलं जातं. हृदयाचे ठोके बिघडू शकतात. उपाशी राहण्यापेक्षा उपास सोडणं जास्त धोक्याचं ठरू शकतं ते यामुळे.

देवीचा उपास करू नका असं मी म्हणत नाही. उठता-बसता करा, तोही गोळीचं वेळापत्रक डॉक्टरांना विचारून. फराळाला भगर थोडी आणि दही-ताक, शेंगदाणे, राजगिरा जास्त असू द्या. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च, आईनं कितीही कूट घातलं तरी. वजनासाठी रात्रीचा भात कमी करून खुर्चीतून उठ-बसीचा व्यायाम सुरू करा. कंटाळवाणं आहे, त्याचा कुणी व्हिडिओ काढत नाही.

मी पंचमीला येतेय, साखर तपासायच्या पट्ट्या घेऊन. त्याआधी डॉक्टरांची वेळ घ्या. आई, घेतली की मला कळव, त्यांच्या "बघू"वर थांबू नकोस.

तुमची,
मनू