कुकर विसळून देणाऱ्या अक्कांना

अक्का,

तुम्हाला मराठी येत नाही आणि हे पत्र तुमच्यापर्यंत पोचायची शक्यताही कमीच. तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. नातवाचं विचारलं होतं, पण पोराला न विचारता ते चारचौघांत कशाला मांडू? आमच्या लातूरकडे मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात, म्हणून अक्का.

आम्ही कोण, हे तरी आधी सांगते. आमचे हे ३४ वर्षं एस.टी.त ड्रायव्हर होते, मी शाळेत मराठी शिकवत होते. अमेरिकेत फिनिक्सला लेकीकडे आलो की ह्यांना दोन दिवसांत घर खायला उठतं. यंदा लेक-जावयाने मिळून आठ दिवसांसाठी मोटरहोम भाड्याने घेऊन दिली. २५ फुटी गाडी, मागे पलंग, मध्ये शेगडी, कोपऱ्यात मोरी. ह्यांनी चहूबाजूंनी फिरून टायरांना लाथा मारून पाहिल्या आणि तिचं नाव ठेवलं पांढरी परी, लाल परीची धाकटी बहीण. पहिला दिवस रस्त्याच्या उजव्या बाजूने जाताना मी जीव मुठीत धरून बसले होते. फिनिक्सच्या ११०० फुटांवरून फ्लॅगस्टाफच्या ७००० फुटांपर्यंतचा चढ संपता संपता हे मला डबल बेल द्यायला सांगू लागले, तेव्हा म्हटलं, चला, गडी रुळला.

मग ट्यूबा सिटी सोडून १६० नंबरच्या रस्त्याने केयेंटाकडे निघालो. टोनालियाजवळ हत्तीच्या पायांसारखे दोन खडक उभे आहेत ना, त्यांच्या जरासं पुढे मागच्या जोडटायरांतला आतला फुटला. भाड्याच्या अशा गाडीत बहुतेक वेळा स्टेपनी देतच नाहीत, हे तिथे कळलं. ह्यांना तो स्वतःचा अपमान वाटला. "बिनस्टेपनीची गाडी डेपोच्या बाहेर सोडली कुणी?" हे ते तीनदा म्हणाले, आणि तिथे ऐकायला मी एकटीच. त्याहून वाईट म्हणजे फुटलेल्या टायरच्या पट्ट्यांनी खालचा पाण्याचा पाइप फाडला होता. सकाळी काठोकाठ भरलेली टाकी आमच्या डोळ्यांदेखत वाळूने पिऊन टाकली. टाकीच्या भरवशावर आम्ही बाटल्या जास्त घेतल्याच नव्हत्या. उरल्या दोन. ह्यांना शुगर आहे.

भाडेवाल्यांच्या मदतीच्या नंबरवर पाऊण तास पियानो ऐकला. मग एका मुलीने गोड आवाजात विचारलं, जवळचा चौक कोणता? चौक, अक्का! मी चारही दिशांना पाहिलं. चार वाजेपर्यंत माणूस येईल म्हणाली. कुठले चार, ते तिलाही ठाऊक नव्हतं. उन्हाळ्यात अ‍ॅरिझोना घड्याळ पुढे करत नाही, तुमचं नवाहो नेशन, म्हणजे तुम्हा मूळनिवासी नवाहो लोकांचा मुलूख, करतं, आणि तुमच्या मधोमध राहणारे होपी जमातीचे लोक पुन्हा करत नाहीत. माझा मोबाइल दर थोड्या वेळाने मत बदलत होता. शेवटी दोन्ही प्रकारचे चार वाजून गेले.

लेक कामासाठी दुसऱ्या गावी गेली होती. तिने तिथूनच आपल्या मराठी लोकांच्या ग्रुपवर टाकलं. अर्ध्या तासात सदतीस जणांनी हात जोडले, 'काळजी घ्या' म्हणाले. एकाने मॉन्युमेंट व्हॅलीत फोटो कुठून चांगला येतो तेही कळवलं. रस्त्याने आमच्यासारख्याच मोटरहोम जात होत्या, त्यांतली माणसं हौसेने हात हलवायची. बिचाऱ्यांना वाटलं असेल, खडक बघायला थांबलेत. आम्हीही हात हलवत राहिलो. दुसरं काय करणार?

मग तुमचा पिकअप आला. मागे पांढरी मोठी टाकी, टाकीला टेकून कुत्रा, पुढे तुम्ही आणि स्टिअरिंगवर नातू. गाडी आम्हाला ओलांडून गेली, थांबली आणि रिव्हर्समध्ये परत आली. ती रिव्हर्स येताना पाहून हे म्हणाले, "आला बघ माणूस."

पुढचं तुमच्या लक्षातसुद्धा नसेल. पाणी हवंय एवढं तुम्हाला कळलं. मी हाताला लागलं ते भांडं पुढे केलं, तो कुकर होता. टायर फुटल्यावर दारं उघडी टाकून आम्ही इतकी धावाधाव केली होती की कुकरात बोटभर धूळ. तुम्ही टाकीची तोटी किंचित सोडली, कुकरात ओंजळभर पाणी घेतलं, गोल फिरवलं, कडेने हात फिरवला. आणि ते पाणी फेकलं नाहीत. कुकरचं झाकण माझ्या हातातून घेऊन त्यात ओतलंत आणि कुत्र्यापुढे ठेवलंत. मग कुकर गळ्यापर्यंत भरून दिलात.

मी तिथे रडले ती त्या झाकणाकडे बघून. नातवाला वाटलं, म्हातारी घाबरली. सांगायला माझं इंग्रजी पुरेना, म्हणून आता सांगते. २०१६ साली आमच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. एप्रिलमध्ये मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावली होती, भांडणं होतील म्हणून. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी संडासाला, असा हिशोब तेव्हा आम्हा बायकांच्या हातांत बसला तो आजही सुटत नाही. लेकीच्या घरी मी भाजी धुतलेलं पाणी ठेवून देते तर जावई समजूतदारपणे हसतो. सबंध अमेरिकेत माझ्यासारखं भांडं विसळणारं माणूस मला दिसलं नव्हतं, ते तिथे दिसलं. आणि ज्याला ओंजळीची किंमत इतकी ठाऊक, त्याने परक्याचा कुकर गळ्यापर्यंत भरला! पाणी मुबलक असलेल्याने दिलं असतं तर मी आभार मानून विसरले असते.

तुम्ही टाकीकडे बोट करून "तो" म्हणालात. नातू म्हणाला, आमच्या भाषेत पाणी म्हणजे तो, टोनालियाच्या आणि ट्यूबा सिटीच्या नवाहो नावांतही हाच तो आहे. मी मास्तरीण, गप्प बसवेना. म्हटलं, आमच्याकडे जुन्या कवितेत तोय म्हणतात. नाताबिताचं काही नाही, योगायोगच, पण तुम्ही दोनदा "तोय, तोय" म्हणून पाहिलंत आणि हसलात.

नंतर लेकीने वाचून दाखवलं की तुमच्या मुलखात जवळपास एक तृतीयांश घरांना नळ नाही. तुमच्या ब्लॅक मेसा पठारावरचा कोळसा जाळून झालेल्या विजेवर कोलोरॅडो नदीचं पाणी वर चढवून फिनिक्सला आणत होते, ते वीजकेंद्र २०१९ मध्ये बंद झालं. त्याच पठारावरचा कोळसा भुकटी करून, जमिनीतल्या पाण्यात कालवून पाइपाने दूर नेव्हाडाला पाठवायचे, २००५ पर्यंत. पिण्याच्या पाण्यात कोळसा कालवायचा! आमच्याकडे ऊस आहे, त्यामुळे मला फार समजावून सांगावं लागलं नाही. फिनिक्सला लेकीच्या दारच्या पोहायच्या तलावाकडे मात्र तेव्हापासून नीट बघवत नाही.

मी दिलेली धपाटी आणि शेंगदाण्याची चटणी तुम्ही गाडीच्या पायरीवर बसून खाल्लीत. नातवाच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं, तुम्ही आणखी मागून घेतलीत. ह्यांनी पाकीट काढलं तर अशी नजर दिलीत की त्यांनी ते मुकाट खिशात घातलं. ३४ वर्षांत एकाही डेपो मॅनेजरला ते जमलं नव्हतं. टायरवाला रात्री साडेआठला आला, त्याचं काय सांगायचं. तोवर आम्ही चहा करून प्यायलो होतो.

जाताना तुम्ही निळा पाच गॅलनचा कॅन भरून ठेवून गेलात. परत कुठे आणून देऊ म्हटलं, तर नातवाने बोट न दाखवता ओठ पुढे काढून दिशा दाखवली. त्या दिशेला मला नुसतं आभाळ दिसलं. तोच तुमचा पत्ता माझ्याकडे आहे.

कॅन लेकीच्या गॅरेजात आहे. भांडं रिकामं परत करायची आमच्यात रीत नाही, म्हणून त्यात चटणीच्या पुड्या भरायच्यात. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच रस्त्याने यायचं ठरलंय, ह्यांची एकच अट आहे, स्टेपनी. काल कॅन विसळून उन्हात ठेवला. विसळलेलं पाणी लेकीच्या कढीपत्त्याला घातलं.

तुमची,
लातूरची धाकटी