बिल बेरी यांस, आभारपूर्वक

श्री. बिल बेरी यांस,
सप्रेम नमस्कार.

‘एव्हरीबडी हर्ट्स’ (‘दुःख प्रत्येकालाच होतं’) या गाण्याबद्दल कुणी आभार मानतं ते बहुधा गायक मायकल स्टाइप यांचे. आवाज त्यांचा, व्हिडिओत गाडीतून उतरून चालू लागतात तेही तेच. गाण्याखाली तर तुमच्या आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडच्या रीतीप्रमाणे चौघांची नावं. ही चाल मुळात बँडच्या ड्रमरने, म्हणजे तुम्ही आणली होती, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात होतं.

१९९३ साली मी नाशिकला बारावीत होते. त्या वर्षी आई गेली. घरी भेटायला येणारा प्रत्येक जण मला एकच सांगायचा: आता तूच मोठी, धाकट्याकडे बघ, बाबांसमोर रडू नकोस. आणि मी रडले नाही. कॉलनीत केबल आलेली होती, स्टार टीव्हीवर एमटीव्ही दिसायचं. तिथे तुमचं गाणं लागलं.

मी मराठी शाळेतली. इंग्रजी गाण्यांची चाल आवडायची, शब्द मात्र कानावरून जायचे. याचे शब्द पहिल्यांदाच सगळे कळले. तुमचे गिटारवादक पीटर बक यांनी पुढे सांगितलं की ते इतके सरळ ठेवले, कारण गाणं कोवळ्या वयाच्या मुलांसाठी होतं. तुमची बाकीची गाणी मी नंतर ऐकली. त्यांतली कित्येक मला आजही पुरती उलगडत नाहीत, म्हणून हा सरळपणा मला फार मोलाचा वाटतो.

जेक स्कॉट यांनी केलेला तो व्हिडिओ टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या महामार्गावर चित्रित झाला. गाड्यांची रांग अडकून पडलेली, आणि एकेका गाडीतल्या माणसाच्या मनात काय चाललंय ते खाली अक्षरांत उमटतं. कुणाचं दुःख काय, कशामुळे, ते पुरतं सांगत नाहीत. शेवटी सगळे दारं उघडून उतरतात आणि चालू लागतात. आमच्याकडे येऊन मला धीर देणारी माणसंही आत असंच काही घेऊन बसली असतील, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. शेजारी आत्या होती. मी रडायला लागले. तिने टीव्ही बंद केला नाही की मला गप्पही केलं नाही.

धाकटा भाऊ पुढे गिटार शिकला तो याच गाण्यावर. अंतऱ्यात डी आणि जी, दोनच कॉर्ड, एकेक तार छेडत. लय सहाच्या हिशेबातली, आमच्या दादऱ्याच्या जवळची, म्हणून त्याला ती लवकर साधली. त्यानेच मला सांगितलं की तुम्ही आणलेलं गाणं जेमतेम मिनिटभराचं होतं, कंट्री ढंगाचं, आणि ते कसं बसवायचं यात बँडचा पुष्कळ वेळ गेला. शेवटी मूळ ट्रॅकवर बक यांची गिटार आणि एक ड्रम मशीन एवढंच राहिलं. स्वतःच्या चालीत स्वतःचं वाद्य मागे ठेवायला ड्रमरने तयार व्हावं, याचं मला अजून नवल वाटतं. सुरुवातीला तुम्ही जोरात वाजवलं असतं, तर मी ते ऐकूही शकले नसते. पुढे ‘लेड झेपेलिन’ बँडच्या जॉन पॉल जोन्स यांनी रचलेली व्हायोलिनं भरून येतात, ती त्या मोकळ्या जागेमुळेच.

१९९५मध्ये खचलेल्या माणसांना फोनवर आधार देणाऱ्या ब्रिटनमधल्या समॅरिटन्स संस्थेने वर्तमानपत्रांत जाहिरात दिली: या गाण्याचे शब्द आणि मदतीचा फोन नंबर, बाकी काही नाही. जीव द्यायला निघालेल्या, पण फोन न करणाऱ्या तरुण मुलांसाठी. त्याच वर्षी १ मार्चला स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या कार्यक्रमात तुमच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली. तुम्ही त्यातून उठलात, पुन्हा दौऱ्यावर गेलात, आणि १९९७मध्ये बँड सोडून शेतीकडे वळलात. तेव्हा चाहते हळहळले. मला बरं वाटलं. इतरांना ‘धीर धर’ म्हणणाऱ्या माणसाने स्वतःलाही थांबू दिलं.

२०२४च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला तुम्ही चौघं पुन्हा एकत्र वाजवताना पाहिलं आणि हे पत्र लिहायला घेतलं. आई गेली त्या वर्षी माझ्या घरात जे कुणी बोललं नाही, ते तुमच्या गाण्याने मला सांगितलं. त्याबद्दल मनापासून आभार. भावाचेही आभार कळवते.

प्रकृतीस जपावे.

आपली,
नाशिकची एक श्रोती