पेढे नकोत, पगार हवा

महोदय,

२ एप्रिलचा जागतिक स्वमग्नता (ऑटिझम) जागरूकता दिन आला की ठिकठिकाणी निळी रोषणाई होते आणि दोन-चार दिवस स्वमग्न मुलांविषयी बोलले जाते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी आमच्या शहरातील अशा मुलांच्या एका लहान संस्थेचे हिशेब पाहतो आणि निवृत्तिवेतनातून तिला दरमहा ठरावीक रक्कमही देतो. ‘घरात कोणी तसे आहे का?’ असे मला हटकून विचारले जाते. कोणी नाही. माझे कारण खतावणीत आहे.

संस्थेचा बहुतेक खर्च स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि विशेष शिक्षिका यांच्या पगाराचा असतो, कारण हे काम फळ्यासमोर उभे राहून चाळीस जणांना शिकवण्याचे नसून बरेचदा एका मुलासमोर एका माणसाने बसण्याचे आहे. सदऱ्याचे बटण लावणे किंवा तहान लागल्याचे चित्रावर बोट ठेवून सांगणे, एवढ्यालाही महिनोन्‌महिने लागू शकतात, आणि मध्येच शिक्षिका बदलली तर कित्येकदा पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. देणगीदार मात्र वाढदिवसाला पेढे आणतात, वडिलांच्या नावाचा पंखा देऊ करतात आणि पगारासाठी पैसे मागितले की विषय बदलतात. (पंखे आमच्याकडे पुरेसे आहेत.) शिवाय अचानक आलेली माणसे, टाळ्या आणि फोटो यांमुळे काही मुले कानांवर हात घट्ट दाबून बसतात आणि त्यांचा उरलेला दिवस वाया जातो, देणाऱ्याच्या मनात तसे काहीच नसते, हेही खरे.

सरकार काय करते, असेही विचारले जाते. १९९५ च्या अपंग व्यक्तींसाठीच्या कायद्यातील अपंगत्वाच्या ७ प्रकारांत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत ती आणि अध्ययन अक्षमता या दोन्ही आल्या. स्वमग्न मुलांसाठी ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमाही आहे. एडीएचडी (लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता) मात्र त्या २१ मध्ये नाही, त्यामुळे केवळ तेवढेच निदान असलेल्या मुलाच्या आईला अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचा दरवाजा बंदच असतो. तीही शेवटी आमच्यासारख्या संस्थेकडेच येते.

माझी रक्कम एका शिक्षिकेच्या जेमतेम चार दिवसांच्या पगाराएवढी आहे, पण ती दर महिन्याच्या १ तारखेला जमा होते. अशी आणखी सात माणसे मिळाली, तर जूनमध्ये प्रतीक्षा यादीतील काही मुलांना आत घेता येईल.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा