स्पार्क टेस्टच्या कागदाने आमची लाइन वाचली नाही

लोटे परशुराम
9 सप्टेंबर 2025

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्रीपश्चात सेवा विभाग

विषय : पीटीएफई (टेफ्लॉन) लायनिंगच्या तीन इंची 14 स्पूलपैकी (पोलादी पाइपच्या तयार तुकड्यांपैकी) 12 स्पूलचे लायनर (आतलं अस्तर) दबल्याबाबत व एक पाइप आतून गंजून फुटल्याबाबत

महोदय,
स.न.वि.वि.

18 ऑगस्टच्या आमच्या ईमेलला आपलं दोन ओळींचं उत्तर मिळालं. आपण म्हणता, स्पार्क टेस्ट (उच्च दाबाच्या विजेने लायनरमधलं भोक शोधणारी चाचणी) 10 किलोव्होल्टला पास आहे, लायनरला भोक नाही, सबब दोष वापरातला, व्हॅक्यूमचा. भोक नाही हे आम्हालाही मान्य आहे. एक लायनर काढून पाणी भरून पाहिला, थेंब गळला नाही. आमची तक्रार भोकाची नाहीच.

जत्रेतून आणलेला गॅसचा फुगा दुसऱ्या दिवशी जमिनीवर लोळत असतो. त्याला तरी कुठे भोक असतं? आपला धंदाच लायनिंगचा, त्यामुळे हे आपल्याला लिहावं लागतंय याचं नवल वाटतं. पीटीएफईला हायड्रोक्लोरिक आम्ल खात नाही हे खरं, पण आम्लाची आणि पाण्याची वाफ त्यातून हळूहळू पलीकडे झिरपते. तापमान वाढलं की जास्त, लायनर जाड असला की कमी. आमच्या लाइनमधून रिॲक्टरची ओली आम्लवाफ ॲब्सॉर्बरकडे (वाफ शोषून घेणाऱ्या उपकरणाकडे) जाते, 80 अंशांच्या आसपास. ही माहिती चौकशीच्या कागदात पहिल्याच पानावर होती.

झिरपलेला वायू बाहेर पडावा म्हणून फ्लँजजवळ (पाइप जोडायच्या कडीजवळ) पोलादी पाइपला बारीक व्हेंट होल असतात. आपल्या ड्रॉइंगमध्येही ती आहेत. आपल्या माणसांनी नोव्हेंबर 2023 मध्ये त्यांवरूनच रंगाचे दोन हात मारले, वर इन्सुलेशन चढवलं आणि ॲल्युमिनियमचं क्लॅडिंग (पत्र्याचं आवरण) ठोकलं. वाट बंद झाली. वायू लायनरच्या मागे साठला, आणि जिथे क्लॅडिंगच्या फटीतून पावसाचं पाणी शिरून पाइप गार पडत होता तिथे वाफेचं पुन्हा आम्ल झालं. त्याने पोलाद खायला सुरुवात केली, त्यातून हायड्रोजन निघाला, म्हणजे मागचा दाब आणखी वाढला. बॅच संपून लाइन थंड झाली की आत व्हॅक्यूम. मग लायनरने काय करावं? ऑगस्टमध्ये फ्लँज उघडला तेव्हा तो पिळून संपवलेल्या टूथपेस्टच्या ट्यूबसारखा चपटा झाला होता, मागे पिवळसर तपकिरी राड.

उरलेले दोन स्पूल व्हॉल्व्हजवळचे. तिथे इन्सुलेशन नव्हतं, आणि आमच्या एका फिटरने व्हेंटमधला रंग खिळ्याने टोकरून काढला होता. कुणी सांगितलं नव्हतं, त्याची सवय. त्या दोन्हींचे लायनर आजही गोल आहेत. त्यांच्या व्हेंटपाशी अमोनियाची बाटली धरली की आम्लवाफेशी गाठ पडून पांढरा धूर उठतो. म्हणजे वायू तिथेही झिरपतोय, पण बाहेर पडतोय. माल तोच, बॅच तीच, लाइन तीच. फरक एवढाच की इथे व्हेंट मोकळी आहेत आणि वर इन्सुलेशन नाही.

लाइन ताब्यात घेताना व्हेंट तपासायला हवी होती, तेवढी चूक आमची, आणि हँडओव्हरच्या कागदावर माझीच सही आहे. पण रंग आणि इन्सुलेशन दोन्ही आपल्याच ऑर्डरमध्ये होतं. व्हॅक्यूमबद्दल आपण आता बोलता; अर्ध्या व्हॅक्यूमची अट आम्ही लेखी दिली होती आणि आपण ती स्वीकारली होती.

तेव्हा 12 स्पूल आपल्या खर्चाने बदलून द्यावेत. नव्या स्पूलच्या व्हेंटला क्लॅडिंगच्या बाहेर येणारी नळी जोडलेली असावी, तोंड खालच्या बाजूला, म्हणजे पाऊस शिरणार नाही. लायनरची जाडी आणि घनता मोजून त्याचा दाखला पाठवावा. स्पार्क टेस्टचा पुन्हा नको, त्यातून झिरपण्याबद्दल काहीच कळत नाही. हमीची 24 महिन्यांची मुदत नोव्हेंबरात संपते, त्याआधी लेखी होकार हवा. तो न आल्यास बँक गॅरंटी वटवण्याचं पत्र आमचा लेखा विभाग देईल.

आमचं शटडाउन 22 ते 26 सप्टेंबर आहे. त्या काळात आपला इंजिनिअर पाठवावा, विक्रीचा माणूस नको. कापलेला स्पूल गोदामात जपून ठेवलाय. अमोनियाची बाटली आमच्याकडे आहे.

आपला,
देखभाल विभाग प्रमुख

सोबत : कापलेल्या स्पूलची छायाचित्रे, चौकशीच्या कागदाची प्रत