जॅक्सनने स्वतः सांगितलं त्याचं काय?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मायकल जॅक्सनवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. त्यावर छापून येणारी वाचकांची पत्रंही वाचतोय. काहींचं म्हणणं, कोर्टाने निर्दोष सोडलं, आता मेलेल्या माणसाला कशाला छळता. काहींचं म्हणणं, असल्या माणसाची गाणी घरात वाजताच कामा नयेत. तो दोषी होता की नव्हता, यावरच सगळं भांडण चाललंय. जी गोष्ट त्याने स्वतःच्या तोंडाने कॅमेऱ्यासमोर सांगितली आणि जिच्याबद्दल वादच नाही, तिच्याबद्दल एकाही पत्रात अक्षर नाही. म्हणून लिहायला बसलो.

मी धनकवडीत मुलांचा डान्स क्लास चालवतो. वाढलो भवानी पेठेत. तेव्हा गणपतीत मंडळामंडळांत रेकॉर्ड डान्सच्या स्पर्धा व्हायच्या आणि प्रत्येक गल्लीत एक तरी 'मायकल' असायचा. आमच्या गल्लीतला मी. काळी पँट घोट्याच्या वर आखूड केलेली, पांढरे मोजे, एकाच हातात हातमोजा आणि त्यावर आईने एकेक करून शिवलेल्या चंदेरी टिकल्या. व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणायची आणि मागे-पुढे करत त्याचे पाय बघायचे. मूनवॉक बघताना लोकांची नजर सरकणाऱ्या पायावर असते. खरं काम दुसरा पाय करतो. टाच उचललेली, गुडघा वाकलेला, अंगाचा सगळा भार त्या चवड्यावर. सपाट पाय जमिनीला जेमतेम टेकलेला असतो, म्हणून तो मागे जातो. मग झटक्यात अदलाबदल. घरातल्या कोब्यावर टाल्कम पावडर टाकून हे घोटायचो, आणि आई ओरडायची ते पाय घसरून कुणी पडेल म्हणून.

ती स्टेप त्याने शोधलेली नव्हती. त्याच्या आधीच्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय नर्तकांकडून ती आली. त्याने ती १९८३ साली टीव्हीवर जेमतेम काही सेकंद केली आणि जगभरची पोरं मागे सरकायला लागली. मला विचाराल तर त्याची खरी ताकद थांबण्यात होती. सगळं अंग सुसाट चाललेलं असताना एका ठोक्यावर तो असा गोठायचा की पुढचा ठोका आपल्या छातीत वाजायचा. हे मी आजही मुलांना शिकवतो. 'थ्रिलर' १९८२ चा आणि त्यानंतरचे आठ ग्रॅमी १९८४ चे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच्या कलेचं ऋण मला लपवायचं नाही. माझ्या घरची चूल त्यावर पेटलेली आहे.

आता दुसरी बाजू. आपल्या लेखात ती दोन ओळींत उरकली होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो. १९९३ साली एका तेरा वर्षांच्या मुलाच्या वतीने लैंगिक अत्याचाराचा आरोप झाला. जानेवारी १९९४ मध्ये दिवाणी दावा पैसे देऊन मिटवण्यात आला. रक्कम दोन कोटी डॉलरच्या वर होती. जॅक्सनने गुन्हा कबूल केला नाही, मुलाने पुढे साक्ष द्यायला नकार दिला आणि फौजदारी खटला उभा राहिलाच नाही. २००३ मध्ये दुसऱ्या एका मुलाच्या तक्रारीवरून त्याला अटक झाली. कॅलिफोर्नियात सांता मारिया इथे खटला चालला आणि १३ जून २००५ रोजी ज्यूरीने त्याला सर्व आरोपांतून निर्दोष सोडलं. २५ जून २००९ ला तो गेला. २०१९ मध्ये एचबीओच्या माहितीपटात वेड रॉबसन आणि जेम्स सेफचक या दोन मोठ्या झालेल्या मुलांनी लहानपणी आपल्यावर काय झालं ते सांगितलं. जॅक्सनचं कुटुंब आणि त्याच्या मालमत्तेचे विश्वस्त हे सगळं नाकारतात. याच रॉबसनने २००५ च्या खटल्यात 'काहीही झालं नाही' अशी साक्ष बचाव पक्षाकडून दिली होती, हेही खरं. मॅकॉली कल्किन या नटाने आपल्याला कधीही त्रास झाला नाही असं त्याच खटल्यात सांगितलं, हेही खरं.

यातून ज्याला जो निष्कर्ष काढायचा तो काढो. पण फेब्रुवारी २००३ मध्ये दाखवलेल्या पत्रकार मार्टिन बशीरच्या मुलाखतीत चव्वेचाळीस वर्षांचा जॅक्सन कॅन्सरमधून उठलेल्या एका मुलाचा हात हातात धरून बसला होता. लोकांच्या मुलांबरोबर आपण एका बिछान्यात झोपतो आणि त्यात काहीही वावगं नाही, उलट ते प्रेमच आहे, अशा अर्थाचं तो बोलला. तेही पहिला आरोप होऊन, कोट्यवधी डॉलर मोजून झाल्यावर. ही कुणी केलेली तक्रार नाही, त्याचं स्वतःचं म्हणणं आहे. आपल्या शेजारच्या सोसायटीतला कुणी चव्वेचाळीस वर्षांचा इसम असं म्हणाला असता तर आपण काय केलं असतं? निकालाची वाट बघितली असती का? त्याच संध्याकाळी मुलाला तिकडे जायची बंदी घातली असती. शिक्षा द्यायची तर पुरावा लागतो आणि तो कोर्टातच तपासला जायला हवा. आपलं मूल कुणाच्या खोलीत रात्री झोपवायचं हे ठरवायला मात्र कोर्ट लागत नाही.

मग त्या आई-वडिलांनी का झोपवलं? माझी झोप उडवणारा प्रश्न हा आहे. रॉबसन हा ब्रिस्बेनचा मुलगा. पाच वर्षांचा असताना, १९८७ मध्ये, जॅक्सनसारखं नाचण्याची स्पर्धा तो जिंकला आणि बक्षीस काय, तर प्रत्यक्ष जॅक्सनची भेट. काळी टोपी घातलेला पाच वर्षांचा पोरगा! असे पोरगे माझ्यासमोर दर जूनमध्ये येऊन उभे राहतात. पुढे त्याचं कुटुंब जॅक्सनच्या नेव्हरलँडला राहायला जायचं. सुमारे २७०० एकरांची ती रँच, तिथे आगगाडी, पाळणे, प्राणिसंग्रहालय. पालक त्याच आवारात पण वेगळ्या खोलीत, आणि मूल जॅक्सनच्या खोलीत. त्यांना मुलाचं वाईट व्हावं असं थोडंच वाटत होतं? मुलाचं कल्याण करणारा माणूस भेटलाय, या आनंदात ते होते.

ही नजर मी पुण्यात रोज बघतो. टीव्हीवरच्या एका रिॲलिटी शोच्या ऑडिशनसाठी एका मुलाला मुंबईला न्यायचं होतं, रात्रीचा मुक्काम होता. वडील म्हणाले, "सर, तुम्हीच घेऊन जा. तुमच्याकडे सोपवलाय म्हटल्यावर आम्ही काय बघायचं?" मी सांगितलं, तुमच्यापैकी एकजण बरोबर आल्याशिवाय मी नेणार नाही. त्यांना माझा राग आला. आपण एवढा विश्वास दाखवतोय आणि सर अंगाला लावून घेत नाहीत, असं त्यांना वाटलं असावं. मुलगा ऑडिशनला गेला नाही, पुढच्या महिन्यात क्लासही सोडला. त्याच्या पायात खरंच जादू होती, त्याचं वाईट आजही वाटतं.

माझ्या क्लासच्या दाराला काच आहे. एक पालक कायम आत बसतो, पाळीपाळीने. शेवटचं मूल घरी न्यायला कुणी येईपर्यंत दुसरा पालक थांबतो, मी आणि मूल असे दोघेच राहत नाही. मुलाला माझा थेट मेसेज जात नाही, जो जातो तो पालकांच्या ग्रुपवर. गॅदरिंगला कपडे बदलायची जबाबदारी आयांची. आमच्या धंद्यातले काही जण यावर चिडतात. "आम्ही काय गुन्हेगार आहोत का?" असं मला तोंडावर विचारलंय. माझ्या क्लासचा मालक मीच, शिक्षक मीच, फी घेणारा मीच. उद्या माझ्याविरुद्ध एखाद्या मुलीला काही सांगायचं असेल तर ती कुणाकडे जाणार? रॉबसन आणि सेफचक यांनी जॅक्सनच्या कंपन्यांवर दावे लावले, तेव्हा त्या कंपन्यांनी कोर्टात नेमकं हेच मांडलं होतं, की मालक तोच, त्याला आम्ही कसं रोखणार. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने ते मानलं नाही. कंपनी एकट्या आरोपीच्याच मालकीची असली, तरी मुलांना जपण्याच्या जबाबदारीतून ती सुटत नाही, असं म्हणत रॉबसन आणि सेफचक यांचे दावे पुढे चालवायला वाट मोकळी करून दिली. आरोप खरे की खोटे हे त्यात ठरलेलं नाही. पण माझ्यासारख्या एकट्याच्या क्लासवाल्याने ते वाक्य भिंतीवर लावावं, अशा मोलाचं आहे.

१ नोव्हेंबर १९९६ ला तो मुंबईत अंधेरीच्या क्रीडा संकुलात नाचला, शिवउद्योग सेनेच्या कार्यक्रमात. आमच्यातले काही जण सकाळच्या सिंहगडने गेले होते. आधी कित्येक दिवस वाद चालला होता तो आपल्या संस्कृतीचा आणि करमणूक करमाफीचा. करमाफीविरुद्ध ग्राहक पंचायत हायकोर्टात गेली आणि ते प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. १९९३ चा आरोप तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता. त्या मुलाचा विषय आमच्या पेठेत कुणी काढल्याचं मला आठवत नाही.

'इतकी वर्षं गप्प का बसले?' असं आपल्या एका वाचकाने विचारलंय. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये महाराष्ट्रासह १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्याहून जास्त, ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. बहुतेकांनी तो आधी कुणालाही सांगितला नव्हता. ज्यांनी हे केलं त्यांत ओळखीचे, विश्वासातले लोक मोठ्या प्रमाणावर होते. आपल्याच घरातली मुलं आपल्याशी बोलत नाहीत, तिथे परक्या देशातल्या मुलाला 'तेव्हाच का नाही बोललास' म्हणून दरडावणं मला निर्दयपणाचं वाटतं.

कायदा आपल्याकडे आहे. २०१२ च्या पॉक्सोप्रमाणे मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, ते दडपणाऱ्याला शिक्षा आहे, आणि मुलाची ओळख उघड करायला वृत्तपत्रांनाही बंदी आहे. १०९८ ही हेल्पलाइन आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला जे घडलं त्यानंतर राज्य सरकारने शाळांना सीसीटीव्ही आणि कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी करायला सांगितलं. चांगलं केलं. पण संध्याकाळी पाच ते नऊ पुण्यातली पोरं शाळेत नसतात. ती डान्सला, तबल्याला, कराटेला, पोहायला, ट्यूशनला असतात, कुणाच्या तरी फ्लॅटच्या हॉलमध्ये किंवा बेसमेंटमध्ये. तिथे आत कोण आहे हे विचारायला कुणी येत नाही. माझ्याकडेही आजवर कुणी आलेलं नाही.

गाणी ऐकायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी त्याच्या स्टेप्स शिकवतो. चौदा-पंधराच्या पुढची मुलं विचारतात तेव्हा वर लिहिलेलं सगळं, निर्दोष सुटल्यासह, त्यांना सांगतो. त्याच्या नावाने भरणाऱ्या लहान मुलांच्या स्पर्धांना मात्र मी परीक्षक म्हणून जात नाही आणि माझी मुलंही पाठवत नाही. मोठ्यांनी मोठ्यांसाठी भरवाव्यात. पाच वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर ती टोपी ठेवायला माझा हात धजत नाही.

आपल्याकडे एक मागणं आहे. दर एप्रिलमध्ये आपल्या अंकात उन्हाळी शिबिरांची आणि छंदवर्गांची यादी येते. नाव, पत्ता, वेळ, फी, फोन. येत्या वर्षीपासून त्यात आणखी एक रकाना द्या : 'पालकांना आत बसता येईल का?' आणि ज्यांच्याकडून हो असं उत्तर येणार नाही त्यांचा रकाना कोराच छापा.

आपला,
एक नृत्यशिक्षक
धनकवडी, पुणे ४३

(वर उल्लेख केलेला मुलगा ओळखू येऊ नये म्हणून माझं नाव छापू नये. नाव-पत्ता सोबत स्वतंत्र कागदावर दिला आहे.)