घरात प्रिंटर आणणार म्हणतोस...

माशेल,
१२ जून

प्रिय सुहास,

मानकुराद आंबे पोचले. पेटीतले चार वाटेत दबले होते, त्यांचा आईने त्याच रात्री रस काढला. बाकीचे गवतावर ठेवलेत आणि मी दर दोन तासांनी जाऊन वास घेऊन येतो. मावशीला सांग, यंदाचे गेल्या वर्षीपेक्षा गोड आहेत.

परवा फोनवर तू म्हणालास, "फोटो छापायला कुठला प्रिंटर घेऊ ते एका वाक्यात सांग," आणि मी चिडलो. तेवढ्यात वीज गेली, पाठोपाठ टॉवरही गेला. तुला वाटलं असेल मी फोन आपटला. तसं काही नव्हतं रे. एका वाक्यात सांगता आलं असतं तर मी सहा वर्षांत दोन प्रिंटर पोसले नसते आणि त्यातला एक मेला नसता. पाऊस लागलाय, कामं बंद आहेत, म्हणून सावकाश लिहितो.

आधी त्या मेलेल्याची गोष्ट. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चूक तिची नव्हती, आमच्या घराची होती. १३ इंची होता, म्हणजे तेवढा रुंद कागद घेणारा, आणि पिग्मेंट शाईचा, म्हणजे बारीक रंगकणांच्या टिकाऊ शाईचा. दुसऱ्या पावसाळ्यात मला पुण्याला एका कामावर जायचं होतं. निघायच्या दिवशी सकाळी एक प्रिंट लावून मी आंघोळीला गेलो. गडगडाट सुरू झाला तशी आईने सवयीप्रमाणे घरातले सगळे प्लग काढले. फ्रिज, टीव्ही आणि माझा प्रिंटर. बाहेर येऊन बघतो तर कागद अर्धा छापलेला. बस चुकेल म्हणून मी तो तसाच ओढून काढला आणि पळालो. परत आलो सतरा दिवसांनी.

आता त्यात काय होतं ते नीट ऐक, कारण दुकानदार हे कधी सांगत नाही. काम संपलं की प्रिंटरचा हेड, म्हणजे शाई फेकणारा भाग, एका कोपऱ्यात जाऊन बसतो. तिथे रबराची गादी असते आणि पेनाला टोपण लावावं तसं त्याचं तोंड तिथे बंद होतं. बटणाने बंद केलास तर तो आधी घरी जातो, मग झोपतो. भिंतीवरचा प्लग काढलास तर असेल तिथेच थांबतो, उघड्या तोंडाने. माझा सतरा दिवस तसा पडून होता. नोझल चेक, म्हणजे शाईची छिद्रं उघडी आहेत का ते दाखवणारा छापा, काढला तर मॅजेंटाच्या, म्हणजे जांभळट गुलाबीच्या, चौकोनात एकही रेघ नाही, आणि फिक्या काळ्याच्या जागी दात पडलेली फणी. क्लीनिंग केलं. पुन्हा केलं. पाच वेळा केलं. प्रत्येक वेळी चांगल्या चालणाऱ्या रंगांचीही शाई ओढली जाते आणि खालच्या वेस्ट इंकच्या, म्हणजे वाया गेलेल्या शाईच्या, डब्यात जाते. नवीकोरी कार्ट्रिजेस निम्म्यावर आली, डबा भरला, मॅजेंटा काही आला नाही. हेड बदलायचा खर्च विचारला तेव्हा त्यात आणखी थोडे घालून नवाच येईल असा हिशेब निघाला. आईला मी आजतागायत यातलं काही सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

तर मॉडेल ठरवायच्या आधी प्रिंटरसाठी एक यूपीएस ठरव. तुमच्या पेडण्यात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते ते मी तुला सांगायला नको. तासभर चालणारा नको, हातातला कागद बाहेर पडून हेड जागेवर जाईल एवढा पुरे.

आता मुख्य गोष्ट. तू मला शाई किती, इंच किती, कुठली कंपनी हे सगळं विचारलंस, पण आठवड्याला किती प्रिंट काढणार हे तूच सांगितलं नाहीस. तुमच्या घरी आजोबांच्या वेळी म्हैस होती. तिची धार एक दिवस चुकली तर आजी कशा ओरडायच्या, आठवतं? पिग्मेंट प्रिंटर अगदी तसाच आहे. आठवड्यातून एकदा तरी सगळे रंग लागतील अशी एक ए-४ प्रिंट त्यातून निघालीच पाहिजे, गिऱ्हाईक असो वा नसो. डिसेंबरात पणजीत प्रदर्शन लावायचं, त्यासाठी चाळीस प्रिंट काढायच्या आणि मग होळीपर्यंत मशीनवर चादर घालून ठेवायची, असं मनात असेल तर घेऊ नकोस. त्या चाळीस प्रिंट मुंबईच्या चांगल्या लॅबमधून करून आण, स्वस्तात सुटशील. लग्नाचे अल्बमही लॅबलाच जाऊ देत. त्या भावात घरी छापणं कुणालाच परवडत नाही.

पण तू होमस्टेवाल्यांना फ्रेम करून द्यायच्या म्हणतोस, दशावताराच्या त्या चेहऱ्यांची मालिका मोठी काढायची म्हणतोस, आणि मुख्य म्हणजे तुला स्वतः बसून काळे-पांढरे ताव काढायचेत. हे खरं असेल तर घे. घरच्या प्रिंटरची सगळी मजा दुसऱ्या तावात असते. पहिला काढायचा, भिंतीला लावायचा, चहा पिऊन यायचं आणि सावल्या थोड्या उचलून दुसरा काढायचा. लॅबमध्ये पाठवलं की ती दुसरी संधी कुरिअरने येते.

शाईचं लवकर आटोपतो. डाय शाई कागदाच्या लेपात मुरते. चकचकीत कागदावर सुरेख दिसते, पण उजेडाने लवकर उतरते. पिग्मेंटचे बारीक कण वरच्या थरात बसतात आणि कितीतरी जास्त टिकतात. विकायची प्रिंट असेल तर पिग्मेंटच. बाटलीने शाई भरायचे सहा रंगांचे टँकवाले प्रिंटर, एप्सनच्या एल-१८०५० सारखे, डायचे असतात. ए-३ प्लसपर्यंत छापतात आणि शाई खूप स्वस्त पडते. बारशाच्या नि मुंजीच्या फोटोंना उत्तम. तुझ्या दशावताराला नकोत.

रुंदी म्हणशील तर १३ इंची ए-३ प्लसला थांबतो, म्हणजे ३२९ बाय ४८३ मिलिमीटर. १७ इंची ए-२ काढतो, ४२० बाय ५९४. तुझ्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची फाइल ६००० बाय ४००० पिक्सेलची. इंचाला ३०० पिक्सेलने छापली तर २० बाय साधारण सव्वातेरा इंच होते, म्हणजे ए-२ ला जवळजवळ पुरते. २४ इंचीचा विचार करू नकोस. त्याला स्टँड लागतो, आणि तुमच्या माडीच्या जिन्यावरून तो वर चढवायला तीन माणसं आणि एक नवस लागेल.

१७ इंचीत घरी ठेवण्याजोगे दोनच मला पटतात. एप्सनचा श्युअरकलर पी-९०० आणि कॅननचा इमेजप्रोग्राफ प्रो-१०००. मॉडेलचे हे आकडे देशागणिक बदलतात, तेव्हा दुकानात नुसता आकडा विचारून 'नाही' ऐकून परतू नकोस. १७ इंची, दहा शाईंचा एप्सन किंवा बारा शाईंचा कॅनन, असं विचार. एप्सन पंधरा किलोच्या आसपास, एकटा उचलशील. कॅनन बत्तीस किलोचा धोंडा आहे. एप्सनची कार्ट्रिजेस ५० मिलीची, कॅननची ८० मिलीची. एप्सनला रोलचा जोड वेगळा विकत मिळतो, म्हणजे तेरेखोलच्या खाडीचे तुझे ते लांबलचक पॅनोरामा निघतील. कॅनन सुट्या तावांचाच. कॅननमध्ये बारावी शाई बिनरंगी असते. चकचकीत कागदावर काळ्याची चमक वेगळी नि पांढऱ्याची वेगळी दिसते ना, तो भेद ती झाकते. उलट कॅननचा हेड तापून शाई फेकणारा, कधीतरी संपणारा, पण तो तू घरी बसून बदलू शकतोस. एप्सनचा हेड जन्मभराचा म्हणतात, पण बिघडलाच तर मेकॅनिक हवा. फोटो ब्लॅक आणि मॅट ब्लॅक, म्हणजे चकचकीत कागदाची काळी नि मॅट कागदाची काळी, यांना दोन्हींत स्वतंत्र नोझल आहेत. पूर्वीच्या एप्सनमध्ये कागद बदलला की काळी शाई बदलताना थोडी वाया जायची, ती कटकट आता संपली.

मी एप्सनवाला आहे, कारण मला रोल लागतो. तू सुटे तावच काढणार असशील तर कॅनन डोळे मिटून घे. दोन्हींच्या प्रिंट शेजारी ठेवून कुठली कुणाची ते मला तरी ओळखता आलेलं नाही, आणि ओळखतो म्हणणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही.

किंमत लिहीत नाही, पत्र पोचेपर्यंत बदलेल. फक्त कोटेशन मागताना शाईच्या पूर्ण संचाचा भाव त्याच कागदावर लिहून घे. सोबत मिळणाऱ्या पहिल्या संचातली बरीच शाई नळ्या भरण्यातच जाते. दुसरा संच हाच खरा खर्च, आणि तो ऐकून खुर्चीत बसायची तयारी ठेव. वेस्ट इंकचा एक जादा डबाही घेऊन ठेव. तो नेमका शनिवारी संध्याकाळी भरतो.

आता कागद. यूट्यूबवरचे लोक कोरड्या देशात राहतात, त्यांना आपला पावसाळा माहीत नाही. गंमत अशी की आपल्या दमट हवेत हेड उलट कमी सुकतो. तो सुकतो दिवसभर एसी लावलेल्या खोलीत. दमट हवा मारते ती कागदाला. त्याला ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते, आणि आपल्याकडे जुलैत काटा ऐंशीच्या खाली यायला तयार नसतो. मागच्या वर्षी चिखलकाल्याचे फोटो छापत होतो. आषाढी द्वादशीला देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात पोरं लोळतात ते. सुती मॅट, म्हणजे बिनचमकीचा, कागद, चांगला जाड, ३०८ जीएसएमचा, पाकीट दोन दिवस उघडं राहिलेलं. ताव आत गेला तेव्हा सरळ दिसत होता. मधोमध पोचल्यावर खर्र असा आवाज आला. कडेला लाट उठली होती आणि हेड तिच्यावर घासून गेला. पोराच्या पाठीवरच्या चिखलात काळी रेघ. तो ताव दाखवल्यावर आमचा शेजारी म्हणाला, "चिखलात चिखल, कोणाला कळतंय?" मला कळत होतं, आणि एका तावाचे पैसेही आठवत होते.

तेव्हापासून आई कोकमाची सोलं ठेवते तसा मी कागद ठेवतो. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेलच्या पिशव्या, आणि लागेल तेवढाच ताव बाहेर. खोलीत आर्द्रता दाखवणारं घड्याळ लावलंय. काटा पासष्टच्या वर असला तर मॅट छापत नाही. छापायच्या आदल्या रात्री हवेतली ओल ओढणारा डिह्युमिडिफायर चालवतो, सकाळी त्याची टाकी तुळशीत ओततो. सुती कागदाला लव असते, ती मऊ ब्रशने आधी झाडून घे. नाहीतर छापताना तंतूखाली कागद कोराच राहतो आणि तंतू पडला की काळ्या आभाळात पांढरा ठिपका उरतो. लोक त्याला तारा समजतात.

आणि तुझी ती पोपटी भिंत! रागावू नकोस, पण त्या खोलीत रंग तपासणं अशक्य आहे. दुपारी ऊन भिंतीवरून परतून येतं तेव्हा पांढरा कागदसुद्धा कैरीसारखा दिसतो. मॉनिटरच्या मागची भिंत तरी फिकी राखाडी कर. प्रिंट बघायला दिवसाच्या उजेडासारखा, ५००० केल्विनचा चांगला दिवा घे, आणि मॉनिटर कॅलिब्रेट करायचं, म्हणजे त्याचे रंग नि उजेड जुळवायचं, यंत्र माझ्याकडे आहे ते घेऊन जा. "प्रिंट काळपट येते" ही जी तक्रार तू लॅबवाल्याची करत असतोस, ती नव्वद टक्के तुझ्या मॉनिटरच्या भगभगीत उजेडाची आहे. कागदाचा आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या कागदावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल, फोटोशॉपमध्ये लावलास तर प्रिंटरच्या खिडकीत रंगांचा कारभार बंद कर. दोघांनी एकाच वेळी कारभार केला की माणसं गुलाबी येतात. माझी आत्या महिनाभर तशी भिंतीवर होती. तिला फोटो फार आवडला होता.

माझं म्हणणं एवढंच, की १७ इंची घे पण आत्ता नको. भर पावसात नवं मशीन उघडून, ओला कागद घालून, वैतागून बसशील. चतुर्थी होऊ दे, दसऱ्याला पूजेत ठेव. तोपर्यंत एक काम कर. दर आठवड्याला एक फाइल छापायला तयार कर, अगदी शेवटच्या टप्प्यापर्यंत, आणि मला पाठव. मी इथे छापतो, शाईचे पैसे देऊ नकोस, कागद तुझा. चार महिन्यांत सोळा-सतरा फायली आल्या तर तुझ्याबरोबर दुकानात मी येतो. पाच आल्या तर आपण त्या पैशात हंपीला जाऊ.

द्वादशीला चिखलकाल्याला येच. जुने कपडे आण, कॅमेऱ्याला प्लास्टिकची पिशवी आण, आणि पेनड्राइव्हवर त्या दशावतारातल्या संकासुराची फाइल आण, ती मोठ्या जिभेची आणि काळ्या बुरख्याची. काळ्यावर काळं कसं उतरतं ते त्या एका फोटोत कळेल. मॅट आणि बराइटा, म्हणजे थोडी चमक असलेला कागद, दोन्हींवर काढू. पाकीट मी तेव्हाच फोडेन.

मावशीला नमस्कार. पेटी रिकामी झाली की परत पाठवतो, मावशीला आवडतात म्हणून आई त्यात फणसाची साटं घालायची म्हणतेय.

तुझा,
उल्हास