सोलोमन नदीकाठची डिस्ट्रिक्ट नंबर १

चि. ऋतुजा हिला अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या हेज शहराहून आपण निकोडेमस हे गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांनी वसवलेलं गाव बघायला गेलो त्याला बरेच दिवस झाले, तरी ते गाव माझ्या डोक्यातून जात नाही. परवा तू विचारलंस, "आई, मोजकी घरं, एक बंद शाळा आणि सगळीकडे गहू. त्यात तुला एवढं काय सापडलं?" फोनवर असल्या गोष्टी नीट बोलता येत नाहीत, म्हणून लिहायला बसले. जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेला माझा. कुठल्याही गावात पाऊल टाकलं की नजर आधी शाळा शोधते. तिथेही तेच झालं.

निकोडेमस वसलं १८७७ साली. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्यानं संपून बारा वर्षं झाली होती. केंटकी राज्यातले गुलाम सुटले खरे, पण जमीन जुन्या मालकांकडेच राहिली. अशा वेळी डब्ल्यू. आर. हिल हा जमिनीचा व्यवहार करणारा गोरा माणूस आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे कृष्णवर्णीय धर्मोपदेशक यांनी मिळून निकोडेमस टाऊन कंपनी काढली आणि केंटकीत पत्रकं वाटली. होमस्टेड कायद्याखाली कॅन्ससमध्ये १६० एकर सरकारी जमीन मिळत होती. पाच वर्षं तिथे राहायचं, जमीन कसायची आणि मग ती नावावर करून घ्यायची. त्या सप्टेंबरात सुमारे तीनशे माणसं निघाली. रेल्वे एलिस या गावापर्यंतच होती. तिथून पुढचे पंचावन्न किलोमीटर बायका-मुलं, बोचकी, भांडी घेऊन पायी.

पुढच्या वसंतात आलेल्या विलियाना हिकमन या बाईंची आठवण नोंदलेली आहे. "निकोडेमस कुठाय?" असं त्यांनी विचारलं, तर पुरुषांनी जमिनीतून निघणाऱ्या धुराकडे बोट दाखवलं. लोक जमिनीत राहत होते. ते बघून त्यांना रडू कोसळलं. हेजच्या आसपास शेताच्या कुंपणाला दगडी खांब बघून मी तुला विचारलं होतं, आठवतंय? लाकूडच नाही या मुलखात, म्हणून चुनखडीचे खांब. कुंपणाला लाकूड नाही तिथे घराला कुठलं असणार? म्हणून नदीकाठाची दरड कोरायची, वर फांद्या आणि गवताच्या मुळांनी घट्ट झालेली मातीची ढेपळं रचायची आणि आत संसार मांडायचा. चुलीला सूर्यफुलाची धाटं आणि रानगव्यांच्या शेणाच्या वाळलेल्या गोवऱ्या. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या तिथल्या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी त्यांना अन्न दिलं, अशी गावात आठवण सांगतात. काही कुटुंबं हाय खाऊन निघून गेली, बाकीचे राहिले. बैल-घोडे जवळजवळ नव्हतेच, म्हणून पहिला पेरा कुदळी-फावड्यांनी जमीन फोडून केला. तू मातीत काम करतेस. जिच्यात कधी नांगर गेला नाही अशी ती गवताळ जमीन फावड्यानं उलथणं म्हणजे काय, हे माझ्यापेक्षा तुला जास्त कळेल.

आणि अशा बिळांसारख्या घरांत राहत असताना त्यांनी मुलं शिकवायला घेतली. स्मिथ यांची मुलगी जेनी फ्लेचर ही गावातली पहिली शिक्षिका, आणि गावचं पोस्टही तिनंच सांभाळलं. सर्वांत आधी येऊन राहिलेले सायमन राउंडट्री हेही धर्मोपदेशक. त्यांच्याबद्दल असं सांगतात की, गुलामीत असताना मालकाच्या मुलाकडून ते अक्षरं शिकले, म्हणून त्यांच्या गालावर डाग दिला होता. दक्षिणेतल्या कितीतरी राज्यांत गुलामाला वाचायला शिकवणं हा कायद्यानंच गुन्हा होता. त्या अंधारातून आलेल्या माणसांना स्वतःच्या पोरांच्या हातात पाटी बघताना काय वाटलं असेल, याचा विचार मी परतीच्या विमानात करत होते.

निकोडेमस ज्या ग्रॅहॅम काउंटीत येतं (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा भाग), तिचा कारभार रीतसर सुरू झाला १८८० साली, आणि त्या काउंटीत डिस्ट्रिक्ट नंबर १ हा मान निकोडेमसच्या शाळेचा. इथे डिस्ट्रिक्ट म्हणजे जिल्हा नव्हे हो. एक शाळा चालवण्यापुरतं आखलेलं क्षेत्र. तिथल्या रहिवाशांनी शाळेचं मंडळ निवडायचं, जमिनीवर शाळेपुरता कर बसवायचा, त्यातून इमारत बांधायची, शिक्षक नेमायचा, सरपण आणायचं. शिवाय सरकारनं जमीन मोजताना सहा मैल बाय सहा मैलांचे चौकोन पाडले होते, त्यांना टाऊनशिप म्हणतात. त्यात छत्तीस तुकडे, आणि त्यातला सोळावा आणि छत्तिसावा तुकडा शाळांसाठी राखलेला. या दोन तुकड्यांचं मला फार अप्रूप वाटलं. माणूस वस्तीला यायच्या आधीच नकाशावर शाळेचा वाटा काढून ठेवलेला! तरीही घरचा पैसा घालावाच लागे. फावड्यानं शेती करणाऱ्या या लोकांनी स्वतःवर कर लावून घेतला आणि १८८७ मध्ये दुमजली शाळा उभी केली. ती पुढे जळाली. मग त्याच जागी १९१८ साली एका खोलीची शाळा बांधली, आपण बघितली ती.

आपल्याकडे याच काळात काय चाललं होतं, तेही डोळ्यांपुढे ठेव. जोतिरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना. त्यानंतर चारच वर्षांत हे गाव वसलं. आणि १८८२ साली जोतिराव हंटर आयोगापुढे शेतकऱ्यांच्या पोरांना प्राथमिक शिक्षण द्या म्हणून मागणं मांडत होते, आणि निकोडेमसला आधीच येऊन राहिलेले एडवर्ड मॅकेब त्याच वर्षी कॅन्सस राज्याचे ऑडिटर, म्हणजे सरकारी हिशेब तपासणारे अधिकारी, म्हणून निवडून आले. कृष्णवर्णीय माणूस तिथे राज्यपातळीवरच्या पदावर पहिल्यांदाच बसला. इतकी वर्षं मी मुलांना जोतिरावांचा धडा शिकवला. त्या अर्पणपत्रिकेतली मुक्त झालेली माणसं पुढे कुठे गेली, कशी जगली, हे मला निकोडेमसला येऊन कळलं.

गाव वाढलं तेही झपाट्यानं. दुकानं, हॉटेल, चर्च, १८८६-८७ मध्ये दोन वर्तमानपत्रं. रेल्वे यावी म्हणून गावानं सोळा हजार डॉलर्सचे रोखे मंजूर केले. पण १८८८ मध्ये रुळ पडले ते सोलोमन नदीच्या पलीकडे, आणि तिथे बोग नावाचं नवं गाव उभं राहिलं. व्यापाऱ्यांनी आपली दुकानं उचलून तिकडे नेली. कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही, दुकानदार गिऱ्हाइकामागे जाणारच. शेतकरी मात्र हलले नाहीत, आणि शाळाही हलली नाही. त्यानंतरही कितीतरी वर्षं आजूबाजूच्या शेतांवरून मुलं चालत त्या शाळेत येत राहिली.

पुढे १९३० च्या दशकात मंदी आली आणि धुळीची वादळं आली. शेतं मोडली, माणसं शहरांकडे गेली. १९५३ मध्ये पोस्ट बंद झालं. पुढे शाळाही बंद पडली. सगळ्या कॅन्ससमध्येच हे झालं. एकेकाळी त्या एका राज्यात नऊ हजारांहून जास्त शाळा-डिस्ट्रिक्ट होते. १९६३ च्या कायद्यानं ते एकत्र केले, आणि आज तीनशेसुद्धा नाहीत. एका खोलीत एका बाईनं आठ इयत्ता सांभाळायच्या, हे सोपं नव्हतं. मोठ्या शाळेत प्रयोगशाळा मिळते, विषयाचा शिक्षक मिळतो. निकोडेमसचा व्हेरिल स्विट्झर हायस्कूलला बोगमध्येच गेला, तिथून कॅन्सस स्टेट विद्यापीठात, आणि १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक संघानं खेळाडू निवडताना त्याला पहिल्याच फेरीत निवडलं. त्याच वर्षी त्याच राज्यातल्या टोपेका शहराचा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला आणि वर्णावरून शाळा वेगळ्या ठेवणं घटनाबाह्य ठरलं.

मोठ्या शाळेचे फायदे मला मान्य आहेत, ऋतुजा. पण वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मिटवून समूह शाळा करायची भाषा आपल्याकडे सुरू झाल्यापासून मला चैन नाही. पट घटला म्हणून शाळा बंद करतात, आणि शाळा नाही म्हणून तरुण जोडपं गावात राहत नाही. मग उरलेला पटही जातो. वाडीवरची सात वर्षांची पोर रोज पाच किलोमीटर कशी जाणार, हे कागदावर कुणी लिहीत नाही. मुलीच आधी घरी बसतात. मी डोळ्यांनी बघितलंय.

त्या पांढऱ्या एकखोली शाळेपाशी मी उभी राहिले, तेव्हा मला ती संपलेल्या गावाची खूण वाटली नाही. १९९६ मध्ये निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला तो तिथल्या वंशजांनी चिकाटी धरली म्हणून. आणि शाळा त्या जपलेल्या पाच इमारतींपैकी एक आहे. दोन चर्च, जुनं हॉटेल, टाऊनशिप हॉल आणि शाळा. गावानं काय महत्त्वाचं मानलं होतं ते या पाचांतच दिसतं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्याअखेरीला तिथे मुक्तिदिनाचा मेळावा भरतो. वंशज देशभरातून येतात. सुरुवातीच्या वर्षांपासून चालत आलेली प्रथा आहे ती. तू जा. तुझ्या लॅबमधल्या मैत्रिणींनाही घेऊन जा. तिथे त्या शाळेत शिकलेलं कुणी म्हातारं माणूस भेटलं तर त्यांच्याजवळ बस आणि विचार, बाई किती होत्या, डबा काय असायचा, हिवाळ्यात शेगडी कोण पेटवायचं. त्यांना बरं वाटेल आणि मला सगळं ऐकायचंय. हेजलाच गाडीची टाकी भरून घे, टोपी आणि पाणी विसरू नकोस, तिकडचं जुलैचं ऊन आपल्या वैशाखासारखंच आहे. बाबांच्या गुडघ्याला आता बराच आराम आहे. ते आशीर्वाद कळवतात.

तुझी,
आई